ज्याची त्याची चाल

आमचे मेहुणे अण्णा सातारचे. सातारचा माणूस सांगलीत आला की आधी हवेला नावं ठेवतो, मग पाण्याला, आणि चहा होईपर्यंत वेळ उरलाच तर माणसांना. त्यातून सांगली जिल्ह्याला १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' असं नाव होतं ही गोष्ट अण्णा अजून विसरलेले नाहीत. त्यामुळे ते आमच्याकडे पाहुणे म्हणून येत नाहीत, तपासणीला येतात.

गेल्या दिवाळीत एका हातात कंदी पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन ते दाखल झाले. (दिवाळीत छत्री कशाला, हे सातारकराला विचारायचं नसतं.) स्वयंपाकघरात डोकावून त्यांनी पहिला शेरा मारला, "दाजी, हा पितळेचा पसारा अजून ठेवलाय? मोडीत काढा सगळा." मग ते बाहेरच्या खोलीत आले. तिथे आमचा नातू टीव्हीला ते यंत्र जोडून व्हिडिओ गेम खेळत बसला होता. अण्णांनी दुसरा शेरा मारला, "आधी तो आवाज बंद कर. खेळायचं तर खेळ, पण मुकाट्यानं खेळ."

"मामाआजोबा, आवाज बंद केला तर गोष्टच कळणार नाही," नातू म्हणाला.

"खेळात कसली आलीय गोष्ट? आणि असलीच, तर गोष्ट शब्दांत असते. वाजंत्री कशाला लागते?"

वास्तविक हा वाद त्या दोघांचा. मध्ये पडायचं मला काही कारण नव्हतं. पण 'गोष्टीला वाजंत्री कशाला' हे वाक्य सांगलीत, आणि तेही माझ्या घरात उच्चारलं जावं? पुण्यात किंवा मुंबईत म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. मी चष्मा पुसला. आमच्या घरात हे युद्धाचं निशाण मानतात.

वाचकहो, आधी एक कबुली देतो. वर्षभरापूर्वीपर्यंत माझंही मत अण्णांसारखंच होतं. नातवाच्या खेळातून येणारा आवाज आणि मिक्सरचा आवाज यांत मला फक्त एवढाच फरक वाटायचा की मिक्सरमधून शेवटी चटणी तरी निघते. पण एकदा मी मटार सोलत बसलो असताना नातवानं माझी परीक्षा घेतली. "आजोबा, डोळे मिटा आणि आता कोण आलं ते सांगा." खेळ होता 'फायनल फँटसी' नावाच्या जपानी मालिकेतला सहावा, १९९४ सालचा, म्हणजे नातवापेक्षा वयानं बराच मोठा. संगीत नोबुओ उएमात्सु यांचं. त्यात खेळणाऱ्याच्या बाजूची पात्रं चौदा, आणि बहुतेकांना आपापली स्वतंत्र चाल. चार दिवसांत मला डोळे मिटून माणसं ओळखता यायला लागली. जुगारी कोण, सरदार कोण, आणि तो खदाखदा हसणारा दुष्ट विदूषक कोण, हे मटार सोलता सोलता सांगू लागलो. त्या विदूषकाची चाल सुरुवातीला नुसती टवाळ वाटते. आपण म्हणतो, काय हे ध्यान! पण हा माणूस पुढे जग जाळत सुटतो, आणि शेवटच्या लढाईत तीच टवाळी ऑर्गनच्या सुरांत थोरली होऊन समोर उभी राहते. ऑर्गन म्हटल्यावर मी सावरून बसलो. संगीत नाटकं पाहिलेला माणूस आहे मी. आपण ज्याला हसलो तो कोण होता, हे त्या सुरांनी मला सांगितलं. एकही शब्द न बोलता.

आता मुद्द्यावर येतो. 'चाल' हा आपल्या भाषेतला भलताच हुशार शब्द आहे. गाण्याला चाल असते, माणसाला चाल असते, बुद्धिबळाच्या डावात चाल असते आणि शत्रूवर चाल करून जाता येतं. व्हिडिओ गेममध्ये या चारही चाली एका जागी येतात. जपान्यांना आपला हा शब्द ठाऊक नसतानाही त्यांनी तो बरोबर वापरला. आणि आपल्याला ठाऊक असून आपण म्हणतो, आवाज बंद कर!

अण्णा, अहो कुठे बसून बोलताय तुम्ही? याच सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. चिंतामणराव पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि आपल्या पदरच्या या तरुणाला तसं काही करायला सांगितलं. त्या नाटकात पात्रं बोलत थोडंच. पदं म्हणायची सूत्रधारानं, आणि मागे मृदंग नि झांजा. गणपती आला की त्याचा थाट वेगळा, मोरावरच्या सरस्वतीचा नाच वेगळा, आणि राक्षस आला की आरोळ्यांनी मांडव दणाणायचा. पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदराखाली आणि शेवटच्या रांगेतली जागी! लोकांनी त्या नाटकांना नावंही कसली ठेवली पाहा: 'तागडथोम' आणि 'अललडुर्र'. तागडथोम म्हणजे मृदंगाचे बोल आणि अललडुर्र म्हणजे राक्षसाची आरोळी. चेष्टेनं ठेवलेली असतील, पण ठेवली ती आवाजावरून. कथानक विसरलं असेल, वेशभूषा विसरली असेल. कोण कसं वाजत आलं, ते विसरलं नाही.

नाटकही सोडा, गल्ली घ्या. पहाटे चिपळ्या वाजल्या की अंथरुणातून न उठता कळायचं की वासुदेव आला. गुबुगुबु झालं की नंदीबैल. अंगावर आसूड ओढणारा पोतराज दिसायच्या आधी ऐकू यायचा, आणि आम्ही दिसायच्या आधी माजघरात पळायचो. एकाही माणसाला दारावर आपलं नाव सांगावं लागत नसे. आपल्याकडे ज्याला त्याला चाल होतीच. जपान्यांनी ती यंत्रात भरली, एवढंच.

इथे अण्णा म्हणाले, "नाटकाचं ठीक आहे. तिथे रसिक बसलेले असतात. हा पोरगा बटणं दाबतोय. त्याला काय करायचाय राग आणि ताल?"

मी म्हणतो, त्यालाच तर जास्त करायचाय! नाटकात नटाचा चेहरा असतो, डोळे असतात. या १९९४ च्या खेळातलं पात्र म्हणजे सोळा ठिपके रुंद आणि चोवीस ठिपके उंच. त्यात डोकं, अंगरखा आणि पाय बसवायचे. उरलेल्या जागेत करुणरस कुठे मांडणार? तेव्हा चेहऱ्याचं काम चालीकडे आलं. त्याच्याही आधी, १९७८ साली, जपानातून 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ निघाला. वरून परग्रहावरची फौज खाली सरकत यायची, आणि संगीत म्हणजे उतरते चार सूर, पुन्हा पुन्हा तेच. फौज जसजशी वेगात येई तसतसे ते चार सूर धावू लागत. चार सुरांत लोकांच्या हाताला घाम! आमच्या मंडळाच्या गणपतीपुढे चाळीस कर्णे लावूनही तो फुटत नाही. फुटतात ते फक्त कान.

मग अण्णांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "म्हणजे रडायचं कधी आणि घाबरायचं कधी हे यंत्र सांगणार? ही गोष्ट झाली का शाळेतली कवायत?"

हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्याला मी अर्धा मान देतो. टीव्हीवरच्या मालिकांत सासूनं मान वळवली की ढँण, सुनेनं पाहिलं की ढँण, आणि मधल्या पडद्यावर वारा आला तरी ढँण. ही चाल नव्हे, हे भांडी पडणं आहे. पण वाईट स्वयंपाकी मीठ जास्त घालतो म्हणून कुणी जगाला अळणी जेवायला सांगत नाही. चाल कशी वापरावी हे पाहायचं तर १९७५ चा 'शोले' पाहा. अमिताभ पायरीवर बसून माउथऑर्गन वाजवतो, समोरच्या वाड्यात जया एकेक दिवा मंद करीत जाते. राहुल देव बर्मननी तिथे 'रडा' म्हणून सांगितलेलं नाही. त्यांनी फक्त एक सुरावट आपल्याजवळ ठेवायला दिली. पोस्टातल्या आवर्ती ठेवीसारखी ती दर खेपेला थोडी थोडी साठते. मुदत पूर्ण होते तेव्हा हातात केवढी रक्कम येते ते पाहून आपल्यालाच रडू फुटतं.

त्याच जपानी मालिकेचा सातवा खेळ १९९७ चा. त्यात एक फुलं विकणारी मुलगी आहे, एरिथ. पडक्या चर्चमध्ये फुलांच्या वाफ्याशी ती भेटते तेव्हा तिच्या चालीचे सूर हळूच वाजतात. पुढे कितीतरी तासांनी ती मारली जाते, आपल्या डोळ्यांदेखत. लगेच लढाई सुरू होते. आता इतक्या तासांत एक नियम अंगवळणी पडलेला असतो की लढाई लागली की लढाईचं संगीत वाजणार. इथे ते वाजत नाही. तिचीच चाल चालू राहते. खेळणारा तलवार चालवतोय आणि कानात ती मुलगी. नातवानं मला हे दाखवलं तेव्हा मटार सोलून संपले होते, तरी मी रिकाम्या शेंगा सोलत बसलो होतो. अण्णा, ही कवायत नव्हे. कवायतीत हुकूम बदलतो. इथे हुकूम द्यायचा विसरूनच गेले, आणि म्हणून आपण उभे राहतो.

अण्णा विचारात पडले असं मला वाटलं. म्हणून जाता जाता ज्ञान पाजळलं, की रशियाच्या प्रोकोफिएव्हनं १९३६ साली मुलांसाठी 'पीटर आणि लांडगा' रचलं, त्यात पक्ष्याला बासरी दिली, मांजराला क्लॅरिनेट दिली, आणि आजोबाला कुरकुरणारा खर्जातला बसून.

"तुमचं वाद्य त्यानं बरोबर ओळखलं," अण्णा म्हणाले.

मी काही उत्तर देणार, इतक्यात आत आवाज झाला. ठक् ठक्. मग जरा हलका, ठक्. आणि शेवटी काठावर बत्ता आपटून आलं झाडल्याचा, टण्ण.

आमची ही जाऊन आता तीन वर्षं झाली. रोज पावणेपाचला ती पितळी खलबत्त्यात आलं ठेचायची, आणि दरवेळी तसंच: दोन जोरात, एक हलका, टण्ण. हे मी बत्तीस वर्षं कचेरीतून येताना जिन्यावर ऐकत आलो, आणि एकदाही ऐकतोय असं वाटलं नाही. सूनबाई आलं किसून घालते. चहा उत्तम होतो, तक्रार नाही. पण मुका होतो. त्या दिवशी सूनबाई बाजारात गेली होती आणि नातू खेळ थांबवून चहा करायला उठला होता. आजीजवळ ओट्याशी उभं राहून शिकलेला. त्याला ठेचण्याची दुसरी रीत माहीतच नव्हती.

अण्णा बोलायचे थांबले. दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तिचं नाही, दाजी. आमच्या आईचं. सातारच्या घरात असंच वाजायचं."

चहा आला. आलं भलतंच जास्त पडलं होतं. दोघांनीही काही म्हटलं नाही. मग नातू पुन्हा खेळायला बसला, आणि आवाज किती असावा याबद्दल तपासणी अधिकाऱ्यांनी शेरा दिला नाही.

सकाळी निघताना मात्र छत्री उचलून ते स्वयंपाकघराच्या दाराशी घोटाळले. "पितळेचं म्हणालो होतो," ते म्हणाले, "त्यातला खलबत्ता राहू द्या."