यंत्राची कमाई कोणाची?

यंत्राने माणसाचे श्रम वाचवावेत, याबद्दल कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. वाचलेल्या श्रमांचे मोल कोणाच्या पदरात पडते, हा खरा प्रश्न आहे. आणि मुंबई नगरीला तो नवा नाही. १९२८ साली गिरणीमालकांनी दोन मागांच्या जागी तीन माग एका विणकराच्या माथी मारण्याचा घाट घातला, तेव्हा येथील गिरण्या सहा महिने बंद पडल्या. कामगारांचे यंत्राशी वैर नव्हते. माणसे कमी व्हावीत, उरलेल्यांचे काम वाढावे आणि बचत मात्र मालकाच्या तिजोरीत जावी, हा न्याय त्यांना मान्य नव्हता.

पुढे १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर धुराडी एकामागून एक विझली, पण त्यांच्याखालची जमीन सोन्याची झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचे तीन वाटे योजले होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली सरकारने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती राखली आणि गिरण्यांच्या इमारतींखालची जमीन तीतून अलगद सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल वैध ठरविला. वाटणीचा नियम जेथे सैल असतो, तेथे दुबळ्याचा वाटा प्रथम बुडतो, हा त्यातला धडा होय.

आज त्याच गिरणगावातील उत्तुंग मनोऱ्यांच्या दाराशी पाठीवर पिशवी घेतलेला तरुण उभा आहे. त्याला काम देतो तो मोबाईल, दर ठरवितो तो मोबाईल आणि एके दिवशी कारण न सांगता काम बंद करतो तोही मोबाईलच. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. भागीदार म्हणावे आणि भाग देऊ नये, ही कोणती रीत? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अशा श्रमिकांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती. २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या श्रमिकांच्या कल्याणासाठी द्यावी, मात्र ती त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तीत तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह खरे. पण या तरतुदीत किमान मोबदल्याची हमी नाही.

या पेचाचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधले आहे. अनेक व्यापाऱ्यांचे ओझे वाहणाऱ्या हमालाला एक असा मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. सरकार, मालक आणि कामगार यांची मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्हीही मंडळात भरायची आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, उपदान व औषधपाणी मिळायचे, अशी व्यवस्था लागली. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही निपजले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु येथे तर प्रत्येक फेरीची नोंद यंत्रातच होते. मग लेव्ही चुकविण्यास वा उकळण्यास वाव तो किती?

राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली या श्रमिकांसाठी कायदे केले. माथाडी कायद्याच्या जन्मभूमीने त्यांच्या मागे राहणे शोभणारे नाही. प्रत्येक फेरीमागे लेव्ही, किमान दर आणि काम बंद करण्यापूर्वी सुनावणी, एवढे तरी कायद्याने मिळालेच पाहिजे. याने वस्तू महागतील, असे म्हटले जाईल. घरपोच सुखाची किंमत ते सुख भोगणाऱ्याने द्यावी. ती पोचविणाऱ्याच्या हाडांतून वसूल करू नये!

कृत्रिम बुद्धिमत्ता आता कचेरीतील कारकुनाच्या मेजापर्यंत येऊन ठेपली आहे. आज हमालपुत्राचा वाटा निश्चित झाला नाही, तर उद्या कारकुनाचाही होणार नाही. वाटणी पिकाआधी ठरवावी लागते; खळे उठल्यावर हाती येतो तो केवळ भुसा!