पडक्या वाड्याचा जमाखर्च

'स्टेशन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फलाट, हमाल आणि चहाची किटली उभी राहते. ऑस्ट्रेलियात मात्र मेंढ्या-गुरे पाळण्यासाठी घेतलेल्या अफाट चराऊ मुलखालाही स्टेशन म्हणतात, आणि तिथल्या मालकाच्या वाड्याला होमस्टेड. वाडा कसला, छोटे गावच ते! कोठी, लोहारकाम, लोकर कातरण्याची लांबलचक शेड, नोकरांच्या खोल्या आणि थोडी दूर दफनभूमी. अशी अनेक होमस्टेड आज वारसा म्हणून जपली जातात. काही इतकी नीटनेटकी, की पियानो, कपबशा, मालकीणबाईंची शिवणपेटी सारे जागच्या जागी. पाहणाऱ्याला वाटावे, मंडळी आत्ताच फिरायला गेली आहेत.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगांतल्या कन्याका स्टेशनात यातले काही नाही. नाव ऐकून आपल्याला 'कन्यका' आठवेल. पण शब्द तिथल्या मूळ रहिवाशांचा आहे. क्वॉर्नहून हॉकरला जाताना रस्त्यालगत दगडी भिंती दिसतात. छप्पर नाही, दारे नाहीत. वारसा म्हणून त्या तशाच राखल्या आहेत. माझ्या मते, तेच योग्य आहे.

का, ते सांगतो. ह्यू प्रोबी या तरुण ब्रिटिश उमरावपुत्राने हे स्टेशन वसवले आणि 1852 साली विलोक्रा नाल्याच्या लोंढ्यात तो बुडून मेला. वय अवघे 24. पुढच्या मालकांच्या काळात भरभराट झाली. सत्तरेक कुटुंबे तिथे नांदत होती. मग 1864 पासून पाऊस रुसला आणि त्या दुष्काळात सुमारे 20,000 मेंढ्या गेल्या. 1865 मध्ये सर्व्हेअर-जनरल जॉर्ज गॉयडर याने घोड्यावरून मुलूख पालथा घालून नकाशावर एक रेषा ओढली : हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, इथे नांगर धरू नका. कन्याका या रेषेच्या पलीकडे. चार वर्षे बरा पाऊस पडताच लोक गॉयडरला हसू लागले. 'नांगरामागे पाऊस येतो' असे म्हणत 1874 मध्ये सरकारने रेषेचे बंधन उठवले, चराऊ जमिनी गव्हासाठी वाटल्या. 1880 नंतर पुन्हा अवर्षण आले. शेतकरी देशोधडीला लागले आणि 1888 मध्ये कन्याकाचा वाडाही ओस पडला.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. चांगल्या वर्षाच्या भरवशावर वाईट वर्षाचे कर्ज उचलणारे सगळ्या देशांत सापडतात, आणि ते मंजूर करणारेही! सजवलेला वाडा फक्त जमेचे पान दाखवतो. पडक्या भिंती खर्चाचेही दाखवतात.

पण खर्च एकट्या मालकाचाच झाला का? याच रस्त्याने पुढे, हॉकरच्या अलीकडे, युरांबुलाच्या गुहांत अद्न्यामथन्हा लोकांची चित्रे आहेत. 'डोंगरातले लोक' असा त्या नावाचा अर्थ. मेंढ्या आल्या त्या नेमक्या त्यांच्या पाणवठ्यांवर. पाण्यावरून झगडे झाले, माणसे मारली गेली. उरलेल्यांपैकी अनेकांनी शिधा आणि जुने कपडे एवढ्या मोबदल्यावर स्टेशनांत राबून काढले. या डोंगरांवरचा त्यांचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला तो 2009 मध्ये.

आणखी एक खाते आपल्या दाराशी येते. उत्तरेला बेल्टाना स्टेशन आहे. त्याचा मालक टॉमस एल्डर याने शंभरावर उंट आणि 31 उंटवाले आणवले. 1866 च्या सुमारास ते पोर्ट ऑगस्टाला उतरले. जहाज सुटले होते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. बलुची, सिंधी, पठाण, कुणीही असो, तिथे सारे 'अफगाण'च ठरले. पुढे अनेक वर्षे दूरदूरच्या स्टेशनांची लोकर, पीठ, खिळे-पत्रे अशा उंटांच्या पाठीवरून गेले. त्यांच्या झोपड्यांना दगडी भिंती नव्हत्या, म्हणून त्या मागे उरल्या नाहीत.

कुणी म्हणेल, मुलांना पडक्या भिंतींत काय गंमत? सजवलेल्या घरात ती रमतात, आणि ज्यांचे पणजोबा तिथे राबले त्यांनाही तो पियानो पाहून भरून येते. खरे आहे. तशी घरेही असावीत. पण तिथल्या फलकावर मालकाच्या नावाबरोबर पाणवठ्याचे मूळ नाव, कातरणाऱ्याची मजुरी आणि उंटवाल्याचा मुलूखही लिहावा. आणि कन्याकावर मात्र हौसेने छप्पर चढवू नये. वारसा म्हणजे नुसती मालमत्ता नव्हे. देणेही त्यातच येते. मुलांच्या हाती फक्त जमेचे पान दिले, तर पुढच्या चांगल्या पावसात तीही त्या रेषेला हसतील.