हॅम म्हणावं की रोल?

वाचकहो, दिवाळीच्या फराळात हे कसलं अभक्ष्य, असं म्हणून आपण पान उलटण्यापूर्वीच सांगून टाकतो, की शेवटी करंज्याही आहेत.

गेल्या साली आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. सूनबाई तिथलीच, ट्रेंटन गावची. पहिल्याच रविवारी सकाळी तिनं तव्यावर गुलाबी चकत्या टाकल्या. प्रत्येक चकतीच्या कडेला सुरीनं चिरा दिलेल्या. नाही तर तापल्यावर ती वाटीसारखी फुगते. मग कडक पावात त्या चकत्या, अंडं आणि चीज. डुकराचं मांस मसाला घालून, धुरावून केलेला हा प्रकार. चवीला खारट, किंचित आंबूस. सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावला. मी दुसरा पाव मागून घेतला.

"काय म्हणतात याला?" एवढंच विचारलं, आणि ठिणगी पडली!

सूनबाई म्हणाली, "पोर्क रोल." चिरंजीवांचा एक स्नेही आला होता, उत्तरेकडच्या पॅटर्सनचा. तो ताडकन म्हणाला, "टेलर हॅम!" राज्य एवढंसं, पण या एका शब्दावरून उत्तर-दक्षिण दुभंगलेलं. ट्रेंटनच्या जॉन टेलरनं १८५६ साली हा पदार्थ काढला आणि हॅम म्हणूनच विकला. १९०६ साली अन्नशुद्धीचा कायदा आला. हॅमच्या सरकारी व्याख्येत हा बसेना, तेव्हा वेष्टनावरचा 'हॅम' गेला. उत्तरेच्या जिभेवरचा मात्र गेला नाही. आता केस नावाच्या गृहस्थांचा मालही १८७० पासूनचा. त्यालाही काय टेलर म्हणायचं? हा सूनबाईचा सवाल मला तरी बिनतोड वाटला. २०१६ साली ओबामा रटगर्स विद्यापीठाच्या पदवीदानाला आले, तेव्हा या भांडणात पडायची त्यांचीही छाती झाली नाही. त्याच साली हे राज्याचं अधिकृत सँडविच करावं म्हणून विधेयकं आली, तीही दोन नावांची दोन!

मी पोट धरून हसलो. सौभाग्यवती हसल्या नाहीत. "भांडतात तरी बिचारे," एवढंच म्हणाल्या.

तिच्या माहेरी करंजीला कानवला म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिच्या तोंडून तो शब्द गेला, तेव्हा आमची आई म्हणाली, "आमच्यात करंज्या म्हणतात हो." आई रागावली नव्हती, पण पुढं बेचाळीस वर्षांत तो शब्द मी घरात ऐकला नाही. मला वाटे, ती विसरली. खरं म्हणजे, मला काहीच वाटलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत आमचा मुक्काम होता. सूनबाई कातण्यानं कडा कापायला शिकत होती. अर्ध्यांतून सारण बाहेर डोकावत होतं.

"आई, याला काय म्हणायचं?"

सौभाग्यवतींनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

"कानवले," ती म्हणाली. मग तळणीत एक सोडत, "तुझे सासरे करंज्या म्हणतात."