मुलाखतीतील नीतिप्रश्न आणि व्रतांची शिदोरी

फैजपूर, सावदा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यातील व्यापारी घरांत आता दुकानाच्या गादीबरोबर डॉक्टरी शिक्षणाचाही विचार होऊ लागला आहे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि 2018 पासून सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे खानदेशातील मुलामुलींना एम.बी.बी.एस.ची पदवी घराजवळ मिळणे शक्य झाले. या पदवीनंतर काही जण पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, ज्याला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात त्यासाठी, अमेरिकेची वाट धरतात. त्या वाटेवर त्यांना एक अनोळखी परीक्षा भेटते. ती म्हणजे मुलाखत, आणि त्या मुलाखतीतील नीतिप्रश्न.

आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश ‘नीट-पीजी’ या परीक्षेतील गुणांवर होतो. दोनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. मुलाखत नाही. अमेरिकेत मात्र अर्जांची छाननी झाल्यावर साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मुलाखती होतात आणि मार्चमध्ये कोणाला कोणते रुग्णालय मिळाले ते जाहीर होते. तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण जानेवारी 2022 पासून जाहीर होत नाहीत. केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. त्यामुळे उमेदवाराची पारख करताना मुलाखतीकडे अधिक लक्ष जाणे स्वाभाविक आहे. कोविडच्या साथीपासून यांतील बहुतेक मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात फैजपूरला सायंकाळचे साडेसात झालेले असतात. चौविहार आटोपून, घरातल्याच एका खोलीचे दार लावून, उमेदवार सातासमुद्रापलीकडच्या परीक्षकांसमोर बसू शकतो.

प्रश्न साधे वाटतात. वरिष्ठ डॉक्टर मद्य घेऊन कामावर आल्याचे लक्षात आले, तर काय कराल? शुद्धीवर असलेला रुग्ण धर्मश्रद्धेमुळे रक्त घेण्यास नकार देत असेल, तर? कर्करोगाचे निदान वडिलांना सांगू नका, अशी मुलांनी विनवणी केली, तर? तुमच्या हातून घडलेली एखादी चूक सांगा. येथे चार पर्याय नसतात. वर्षानुवर्षे अचूक पर्यायावर खूण करण्याची सवय झालेला विद्यार्थी येथे गोंधळतो आणि परीक्षकाला काय ऐकायला आवडेल याचा अंदाज बांधू लागतो. त्याचे उत्तर तेथेच घसरते.

या प्रश्नांचे शास्त्र नाही असे नव्हे. टॉम बोशाँप आणि जेम्स चिल्ड्रेस या दोन अमेरिकन विद्वानांनी 1979 मध्ये वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे मांडली : रुग्णाचे स्वातंत्र्य, रुग्णाचे हित, अपाय न करणे आणि न्याय. आपल्याकडेही 2019 च्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमापासून वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांचे स्वतंत्र पाठ आले आहेत. पण ही चार नावे घडाघडा म्हणून दाखवल्याने परीक्षकाचे समाधान होत नाही. दोन तत्त्वे एकमेकांच्या आड येतात तेव्हा उमेदवार काय करतो, हे त्याला पाहायचे असते.

नीती लेखी परीक्षेत तपासण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रानेही पाहिला आहे. गांधी जन्मशताब्दीच्या 1969 या वर्षी डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान सुरू झाले. ‘नीट’ ही समाईक परीक्षा लागू होण्यापूर्वी तेथील प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. परंतु संस्थेने केवळ त्या प्रश्नपत्रिकेवर भिस्त ठेवली नाही. खादीचा वापर, श्रमदान, सर्वधर्मप्रार्थना आणि प्रत्येक तुकडीने दत्तक घेतलेले एक गाव, असा दिनक्रमच तिने विद्यार्थ्यांपुढे ठेवला. प्रश्नपत्रिकेने विचारांची ओळख तपासता येते. आचरण मात्र रोजच्या जगण्यात मुरावे लागते.

या दृष्टीने पाहिले तर व्रतांचे संस्कार असलेल्या घरातील मुले रिकाम्या हाताने मुलाखतीला जात नाहीत. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मिथ्योपदेश म्हणजे खोटा सल्ला देणे. रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याच्या एकांतातील गोष्ट उघड करणे. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे. न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे. साकारमंत्रभेद म्हणजे कळलेले गुपित फोडणे. ही यादी पेढीवर बसणाऱ्या श्रावकाला जितकी लागू आहे, तितकीच रुग्णालयातील डॉक्टरलाही आहे. गरज नसताना तपासण्या लिहून देणे, रुग्णाच्या आजाराची वाच्यता करणे, केसपेपरवर मागाहून वेळ बदलणे, या गोष्टी वेगळ्या नावांनी तेथे आधीच नोंदलेल्या आहेत. विशेष म्हणजे दुसऱ्याचे गुपित राखणे हा तेथे सत्यव्रताचाच भाग मानला आहे.

तरीही घरची शिदोरी जशीच्या तशी पुरत नाही. बाजारात रूढ असलेल्या काही रीती रुग्णालयाच्या दारात सोडून द्याव्या लागतात. कोणत्या, ते मुलांना घरातच समजले पाहिजे.

पहिली रीत म्हणजे कर्त्या पुरुषाने सर्वांच्या वतीने निर्णय घेणे. घरातील वडीलधाऱ्यांचा आजार त्यांच्यापासूनच लपवला जातो. त्यामागे माया असते. कधी शेठजी खाटेवर पडल्याची बातमी फुटली तर बाजारातील पत डळमळेल, ही धास्तीही असते. अशा घरात वाढलेला उमेदवार ‘मुलांचे म्हणणे ऐकेन’ असे सहज म्हणून जातो. याउलट पुस्तक पाठ केलेला उमेदवार ‘रुग्णाला तत्काळ सर्व सांगेन’ असे ठणकावतो. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. विचारी उमेदवार आधी मुलांना भीती कशाची वाटते ते विचारील. मग रुग्णालाच विचारील, आपल्या आजाराविषयी आपल्याला किती जाणून घ्यायचे आहे, की हे मुलांशी बोलावे असे वाटते? रुग्णाने जाणून घ्यायचे म्हटले तर त्याच्यापासून काही लपवणार नाही, आणि हे मुलांना आधीच नम्रपणे सांगून ठेवील. येथे कुटुंबाचा मान राहतो आणि निर्णय रुग्णाच्या हाती राहतो.

दुसरी रीत आडतीची. आडत हा व्यापारातील प्रामाणिक मोबदला आहे. त्याचा दर ठरलेला असतो, तो हिसाबपट्टीत लिहिला जातो आणि देणाऱ्याला ठाऊक असतो. म्हणूनच व्यापारी घरातील मुलाला ‘रुग्ण पाठवल्याबद्दल तपासणी केंद्राने काही रक्कम दिली तर त्यात गैर काय?’ असे वाटू शकते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनी अशा देवाणघेवाणीस स्पष्ट मनाई केली आहे. 2009 मध्ये औषध कंपन्यांच्या भेटवस्तू आणि सहलींवरही बंधन आले. महाराष्ट्रात ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी 2017 मध्ये स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. कारण उघड आहे. ही रक्कम कोणत्याही पट्टीत लिहिलेली नसते. ती शेवटी रुग्णाच्याच खिशातून जाते आणि त्यालाच तिचा पत्ता नसतो. शिवाय आडत्या माल विकतो. डॉक्टरने असे पैसे घेतले तर तो आपला सल्लाच विकतो. हा भेद ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो, त्याचे उत्तर पाठांतराचे वाटत नाही.

तिसरी रीत ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीत आहे. दुकानाची उणीव चव्हाट्यावर मांडू नये, हे व्यवहाराचे शहाणपण झाले. मद्य घेऊन आलेल्या वरिष्ठाबाबत मात्र मूठ झाकून चालत नाही. आधी रुग्ण सुरक्षित करायचा, म्हणजे त्या डॉक्टरला त्या क्षणी उपचारापासून दूर ठेवून दुसऱ्याला बोलवायचे. मग जबाबदार अधिकाऱ्याला कळवायचे. आणि त्या व्यक्तीला उपचाराची मदत मिळावी, हेही पाहायचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यात सूडबुद्धी नाही आणि पांघरूण घालणेही नाही.

स्वतःच्या चुकीच्या प्रश्नाला तर आपल्याकडे फार जुनी वाट आहे. आलोचनेत साधक गुरूंसमोर आपला दोष स्वतःच्या तोंडाने, दुसऱ्यावर न ढकलता सांगतो आणि प्रायश्चित्त स्वीकारतो. चांगल्या रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंत यांचा आढावा घेणाऱ्या बैठकांचा हेतूही याच्या जवळचा असतो. चूक काय झाली, रुग्णाला काय सांगितले, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले, एवढे सरळ सांगितले की पुरे. ‘मी अति परिश्रम करतो, हाच माझा दोष’ अशा उत्तराला परीक्षक फसत नाहीत.

सर्वांत नाजूक प्रश्न उमेदवाराच्या स्वतःच्या श्रद्धेला भिडतात. उपचार नाकारणाऱ्या वृद्ध रुग्णाचा प्रश्न आला की जैन उमेदवाराच्या मनात संथारा येणारच. 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा आत्महत्येच्या पंक्तीत बसवला आणि 31 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या दिवसांतील मूक मोर्चे समाजाच्या स्मरणात आहेत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम उपचार थांबवण्याची वाट मर्यादित अटींवर मोकळी केली, पण त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या परिचारिकांची इच्छा मानून अरुणाताईंचे जीवन मात्र सुरू ठेवले. 2018 मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला.

परीक्षकासमोर संथाऱ्याची बाजू लढवणे किंवा तो विषय लपवणे, दोन्ही अनावश्यक आहेत. रुग्ण शुद्धीवर आहे ना, त्याला आजाराची आणि नकाराच्या परिणामांची समज आहे ना, नकारामागे नैराश्य, असह्य वेदना किंवा घरच्यांचा दबाव तर नाही ना, हे पाहणे डॉक्टरचे काम आहे. इतके करूनही तो नकारावर ठाम असेल तर त्याचा मान राखावा आणि वेदनाशमन थांबवू नये. श्रद्धेपोटी रक्त नाकारणाऱ्या परधर्मीय रुग्णालाही हीच मोजणी लागू होते. आपल्या आजोबांच्या निर्धाराचा जो आदर वाटतो, तोच अनोळखी माणसाच्या श्रद्धेला देता येणे, हा अनेकांताचा खरा कस आहे.

अनेकांत म्हणजे मात्र अनिर्णय नव्हे. काही प्रश्नांना दुसरी बाजू नसते. जवळच्या नातेवाइकाने गर्भलिंग सांगण्याची गळ घातली तर उत्तर एकच : नाही. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम, 1988 मध्ये, कायदा केला आणि 1994 मध्ये देशव्यापी कायदा झाला. तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. अशा प्रश्नावर ‘दोन्ही बाजू पाहाव्या लागतील’ म्हणणारा उमेदवार नापास व्हावा, हेच योग्य.

तयारी करून घेण्याचा आता व्यवसाय झाला आहे. पैसे मोजले की निवेदन लिहून मिळते, हृदयस्पर्शी प्रसंग रचून मिळतात, न केलेल्या संशोधनावर नावही लावून मिळू शकते. मुलाच्या भवितव्यासाठी खर्चाला मागेपुढे न पाहणाऱ्या पालकांनी येथे थांबून विचार करावा. प्रामाणिकपणाच्या परीक्षेत विकत घेतलेला प्रसंग सांगणे ही कूटलेखक्रियाच आहे. परीक्षकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला तो प्रसंग उघडा पडतो. उघडा पडला नाही, तर ते अधिक वाईट. कारण मग तो तरुण खोट्याच्या पायावर डॉक्टर होतो.

त्यापेक्षा इंटर्नशिपच्या वर्षात घडलेले प्रसंग, रुग्णाचे नाव-गाव न लिहिता, एका वहीत नोंदवावेत : काय घडले, कोणाचे हित कोठे अडले, काय केले, काय करायला हवे होते. आठवड्यातून एकदा घरातील कोणी रुग्ण व्हावे, कोणी रुग्णाचा मुलगा व्हावे आणि उमेदवाराने मोठ्याने विचार करून उत्तर द्यावे. बाजाराचा अनुभव असलेले आजोबा-वडील फार उत्तम उपप्रश्न विचारू शकतात. माणूस पारखण्यात त्यांची हयात गेलेली असते.

आणि मुलाखतीच्या सायंकाळी घरच्यांनी दाराआडून खुणावू नये. त्या खोलीत जे बोलायचे ते त्या मुलीने किंवा मुलाने स्वतःचे बोलावे. पुढे रात्रपाळीत, रुग्णाच्या खाटेशी, शेजारी सांगायला कोणी नसेल तेव्हाही निर्णय त्यालाच घ्यायचा आहे.