चित्र एकच, बोलणं वेगळं

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री चिपळूणला आमचं सगळं घर टीव्हीसमोर होतं. कतारच्या विश्वचषकाचा उद्घाटन सोहळा चालू होता. कमरेखालचं शरीर नसलेला गानिम अल मुफ्ताह हा तरुण मॉर्गन फ्रीमनसमोर सूरह हुजुरातची आयत पढत होता. अम्मी हातातलं काम टाकून बघत बसली. ब्रिटनमध्ये मात्र बीबीसी वनवर हा सोहळा नव्हताच. तिथे स्टुडिओत गॅरी लिनेकर स्थलांतरित मजुरांचे हाल, भ्रष्टाचाराचे आरोप, समलिंगी संबंधांवरची बंदी यांविषयी बोलत होते. ज्याला सोहळा बघायचा त्याने ऑनलाइन बघावा.

यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर खूप राग निघाला. मीही चार-पाच मेसेज पुढे ढकलले. आज वाटतं, त्यातला अर्धाच राग बरोबर होता.

बरोबर होता, कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन बीबीसीने थेट दाखवलं होतं. उइगुर मुसलमानांच्या छावण्यांची बातमी तेव्हा जगाला नवी नव्हती.

पण मजुरांबद्दल जे बोललं गेलं ते खोटं नव्हतं. माझे खालू सहा वर्षं दोहात शटरिंगचं काम करायचे. जूनमधली दुपार, मालकाच्या कपाटात अडकलेला पासपोर्ट, हे सगळं मी लहानपणापासून ऐकलंय. तेच लिनेकरच्या तोंडून ऐकलं की आपल्याला इस्लामवर हल्ला वाटतो, आणि खालूंच्या तोंडून ऐकलं की आपण म्हणतो, सब्र करो. हा प्रश्न आधी आपण विचारायला हवा होता. गल्फमध्ये राबणारी माणसं आपल्या कोकणातली आहेत, बीबीसीच्या स्टुडिओतली नाहीत.

विश्वचषकाचं चित्र प्रत्येक देश आपापलं काढत नाही. फिफासाठी एचबीएस ही कंपनी ते तयार करते. एका सामन्याला चाळीसच्या आसपास कॅमेरे असतात, दिग्दर्शक त्यातून एकेक दृश्य उचलतो आणि जगभर तेच जातं. प्रत्येक वाहिनीचं स्वतःचं काय, तर स्टुडिओ आणि समालोचन. म्हणजे सगळा फरक बोलण्यात.

१० डिसेंबरला मोरोक्कोने पोर्तुगालला १-० हरवलं. सोफियान बुफाल आईला मैदानात घेऊन नाचला. आमच्याकडे अम्मीने डोळे पुसले. डेन्मार्कच्या टीव्ही टू वाहिनीवर मोरोक्कोचे खेळाडू आणि त्यांच्या आया यांचा विषय चालू असताना निवेदकाने एकमेकांना बिलगलेल्या माकडांचा फोटो दाखवला. नंतर माफी मागितली गेली. जर्मनीच्या वेल्ट वाहिनीला मोरोक्कोच्या तीन खेळाडूंच्या वर केलेल्या बोटात इसिसची खूण दिसली. माझी दादी दर नमाजला तशहुदमध्ये तेच बोट उचलते. त्या स्टुडिओत नमाज पढणारा एक जरी माणूस असता, तरी ती बातमी टीव्हीपर्यंत पोहोचली नसती.

म्हणून मला नुसता निषेध पुरेसा वाटत नाही. माइकसमोर कोण बसतं, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे तो विश्वचषक जिओसिनेमावर होता. इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम, बंगालीत समालोचन होतं, मराठीत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याच ॲपवर आयपीएल मराठीत आलं. म्हणजे मराठीत होऊ शकतं. फुटबॉलसाठी कुणी मागितलं नाही, आपणही नाही. (कोल्हापूरवाल्यांनी तरी मागायला हवं होतं.)

माझा मामेभाऊ दर मे महिन्यात टेनिस बॉलच्या सामन्यांना समालोचन करतो. एका षटकात मराठी, कोकणी, उर्दू तिन्ही येतात आणि बाहेरच्या संघाचा षटकारही तो तितक्याच जोशात सांगतो. मोरोक्को–फ्रान्स उपांत्य सामन्याच्या रात्री शेवटी आम्ही टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्याला बोलायला लावलं. मोरोक्को ०-२ हरला. फ्रान्सच्या दुसऱ्या गोलचं वर्णन करताना त्याचा आवाज थोडा बसला होता, पण पास कुणी दिला, बचावपटू कुठे चुकला, सगळं त्याने नीट सांगितलं.