जन्माने दुष्ट, नियमाने हीन

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली आणला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळण्याचा हा कल्पनेचा खेळ. खेळाडूने एक पात्र घ्यायचे, त्याचा वंश ठरवायचा, पेशा ठरवायचा आणि साहसाला निघायचे. पुढे संगणकावरच्या असंख्य खेळांनी हाच साचा उचलला. आज आमच्या वस्त्यांतील आणि वसतिगृहांतील मुलेही असे खेळ खेळतात. या खेळांतील नावडत्या वंशांचे काय करायचे, यावर खेळाडूंच्या जगात मोठा वाद झाला आहे. वाद परदेशातला आहे, पण त्यातला मुद्दा आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. म्हणून त्यावर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

१९७८ साली निघालेले या खेळाचे नियमपुस्तक पाहा. त्यात अर्ध-ऑर्क नावाचा वंश खेळाडूला घेता येत असे. अंगात बळ जास्त; परंतु समोरच्यावर छाप पाडण्याच्या गुणात जन्मतःच दोनची कपात. शिवाय कोणत्या वंशाने कोणत्या पेशात किती पायऱ्या चढाव्यात, याचा तक्ता होता. माणसाला वंशाची म्हणून आडकाठी नव्हती. अर्ध-ऑर्क पुजारी झाला तर चौथ्या पायरीवर थांबे, योद्धा झाला तर दहाव्या. मारेकऱ्याचा पेशा मात्र त्याला शेवटपर्यंत मोकळा होता! पुजाऱ्याची वाट बंद आणि खुन्याची वाट खुली. याहून स्पष्ट काय लिहायचे?

त्याच पुस्तकात आणखी एक तक्ता होता. कोणत्या वंशाने कोणत्या वंशाविषयी प्रेम, सहनशीलता किंवा द्वेष बाळगावा, हे त्यात ठरवून दिलेले. ड्वार्फ या बुटक्या वंशालाही पायऱ्यांची मर्यादा होतीच; पण त्यालाही अर्ध-ऑर्कचा द्वेष करण्याची सोय करून दिली होती. स्वतः बांधलेला असूनही ज्याला तुच्छ लेखायला कुणीतरी दिलेला आहे, तो आपली बेडी तोडायला उठत नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ज्याने समजून घेतली आहे, त्याला हा तक्ता वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

"अहो, हा तर खेळ! ऑर्क म्हणून कुणी जगात आहे काय?" असे विचारले जाते. ऑर्क नाही, हे खरे. पण ऑर्कचा चेहरा कुठून आणला? ज्यांच्या कादंबऱ्यांतून तो या खेळांत आला, त्या टॉल्किन यांनी १९५८ सालच्या एका पत्रात त्याचे रूप सांगताना मंगोल चेहरेपट्टीचाच दाखला दिला होता. आणि 'जन्मानेच दुष्ट' ही कल्पना तर केवळ कादंबरीत राहिलेली नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. आरोप नाही, पुरावा नाही, जन्म हाच गुन्हा! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालावर जाते, हे विमुक्त बांधवांना विचारा. कायदा जातो, त्याने घडवलेली नजर मागे राहते.

आता बदलाविषयी. २००० सालच्या आवृत्तीत पायऱ्यांची मर्यादा गेली. पण अर्ध-ऑर्कच्या बुद्धीत व प्रभावात कपात ठेवली गेली. २०१६ सालच्या एका पुस्तकातही ऑर्कच्या बुद्धीतून दोन गुण वजा होते. २०२० साली अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे आंदोलन पेटले, तेव्हा कंपनीने मान्य केले की, ऑर्क आणि काळ्या कातडीचे ड्राउ यांच्या चित्रणात खऱ्या मानवसमूहांच्या बदनामीचे पडसाद आहेत. मग ती कपात काढली. डिसेंबर २०२२ मध्ये 'वंश' हा शब्द सोडून 'प्रजाती' हा शब्द घेण्याचे जाहीर झाले. २०२४ च्या पुस्तकात गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली.

यातले सोने कोणते आणि मुलामा कोणता, हे ओळखले पाहिजे. नियम बदलला, हे सोने. नुसता शब्द बदलला, हा मुलामा. वस्तीची पाटी बदलली म्हणून पाणवठा खुला होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २००९ साली बायोवेअर या कॅनेडियन कंपनीचा ड्रॅगन एज: ओरिजिन्स हा संगणकावरचा खेळ आला. त्यात ड्वार्फांचे भूमिगत राज्य आहे आणि तिथे उघड जातिव्यवस्था आहे. जातीबाहेरच्यांच्या चेहऱ्यावर बालपणीच खूण गोंदतात. त्यांची वस्ती वेगळी, तिचे नावच धुळीवरून. शस्त्र धरण्याचा त्यांना अधिकार नाही. खेळाडूला या वस्तीत जन्म घेता येतो. एका मानाच्या स्पर्धेत तो दारूने पडलेल्या उच्चजातीय योद्ध्याचे चिलखत चढवून उतरतो. पराक्रम गाजवतो, पण ओळख उघडी पडताच गुणाची किंमत शून्य होते आणि त्याला तुरुंगात टाकतात. एकलव्य आणि कर्ण ज्यांना माहीत आहेत, त्यांनी हा प्रसंग अवश्य पाहावा.

लेखकांना व्यवस्था कळली, पण तिच्यावरचा उपाय त्यांना कळला नाही. बाहेरचा एक सेनानी येतो आणि त्या एकट्याला घेऊन जातो. वस्ती तिथेच राहते. पुढे गादीसाठी दोन दावेदार असतात. त्यातला कपटी, भावाच्या रक्ताने हात माखलेला राजपुत्र राजा झाला, तरच जातीबाहेरच्यांना काही सवलती मिळतात. म्हणजे एकाची सुटका, किंवा राजाची मेहेरबानी! आमचा सवाल आहे : ती वस्ती स्वतः संघटित का होत नाही? राजाने दिलेली सवलत पुढचा राजा काढून घेतो. हक्क मात्र लिखित असतो, त्याच्या भंगाबद्दल दाद मागता येते. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती कुणाच्या दयेने नव्हे.

हे खेळ मुलांच्या हातून हिसकावून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. बंदीने डोके चालत नाही. पालकांनी शेजारी बसावे आणि तीन प्रश्न विचारायला शिकवावे : हा नियम कोणी लिहिला? तो कोणाला कुठे थांबवतो? तो बदलायचा कसा? आणि आमच्या शिकलेल्या तरुणांनी केवळ खेळणारे न राहता असे खेळ घडवणारे व्हावे.

खेळातला नावडता जन्म कंटाळा आला की टाकून देता येतो, दुसरा घेता येतो. खऱ्या आयुष्यात ती सोय नाही. इथे जन्म बदलत नाही. नियम बदलावा लागतो, आणि तो ज्याला जाचतो त्यानेच उभे राहून बदलावा लागतो.