१४ इंच की १६ इंच? रॅम महागलेल्या काळात कामाचा लॅपटॉप निवडताना

पहिली नोकरी लागली किंवा स्वतःची अकाउंटिंगची कामं सुरू झाली, की कामासाठी लॅपटॉप घ्यायची वेळ येते. दुकानदार दोन मशीन समोर ठेवतो. एक १४ इंची, हलका, बॅगेत सहज मावणारा. दुसरा १६ इंची, ऐसपैस, उजवीकडे नंबरांची वेगळी बटणं असलेला. किमतीत फारसा फरक नाही. मग आपण पटकन म्हणतो, "पैसे तेवढेच, तर मोठाच घेऊ की!"

टीव्ही घेताना हे गणित चालतं. लॅपटॉप घेताना ते चालेलच असं नाही, आणि २०२६ मध्ये तर अजिबात नाही. कारण सध्या लॅपटॉपच्या किमतीत सगळ्यात जास्त हलणारी गोष्ट स्क्रीन नसून रॅम आहे.

बाजारात नेमकं काय चाललंय?

२०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव जगभर वेगाने चढले. जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना हाय बँडविड्थ मेमरी नावाची खास मेमरी लागते आणि तिच्यात नफा जास्त आहे. त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि आपल्या फोन-लॅपटॉपसाठी लागणाऱ्या मेमरीचा तुटवडा झाला. ३ डिसेंबर २०२५ ला तर मायक्रॉनने 'क्रुशल' हा सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणारा आपला व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

दुसरी घडामोड विंडोजची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतील. म्हणजे जुन्या मशीनवर दिवस ढकलणाऱ्यांनाही यंदा निर्णय घ्यावा लागणार.

आणि तिसरी गोष्ट जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आले तेव्हा मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप मात्र आधीही १८ टक्क्यांवर होता, आजही तिथेच आहे. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल आणि लॅपटॉप धंद्यासाठी घेत असाल, तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या. इनपुट क्रेडिटमुळे हा कर तुमच्या देण्यातून वळता करता येतो. नोकरदारांना ही सोय नाही.

थोडक्यात, खिशातले पैसे तेवढेच आणि त्यात रॅम कमी येणार. अशा वेळी इंचांचा प्रश्न नीट सोडवला नाही तर पुढची चार-पाच वर्षं तीच चूक पाठीवर घेऊन फिरावं लागतं.

दोन इंचांनी खरंच काय मिळतं?

१४ इंच म्हणजे स्क्रीनची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. १६:१० आकाराची १४ इंची स्क्रीन साधारण ३०.२ सेंमी रुंद आणि १८.८ सेंमी उंच असते. १६ इंची स्क्रीन ३४.५ सेंमी रुंद आणि २१.५ सेंमी उंच. आकडा दोननेच वाढला, पण क्षेत्रफळ जवळपास ३० टक्क्यांनी वाढलं. फरक नक्कीच जाणवतो.

पण इथे एक गोम आहे. दोन्ही स्क्रीनचं रिझोल्युशन १९२० बाय १२०० असेल आणि विंडोजमधलं स्केलिंग सारखंच ठेवलं, तर दोन्हींवर एक्सेलच्या तेवढ्याच ओळी दिसतात. मोठ्या स्क्रीनवर फक्त अक्षरं मोठी दिसतात. खरा फायदा होतो तो स्केलिंग कमी करता आलं तर. १४ इंचीवर डोळ्यांना बरं वाटावं म्हणून बरेच जण १५० टक्के ठेवतात, १६ इंचीवर १२५ टक्क्यांत काम भागतं. तसं केलं तर मोठ्या स्क्रीनवर सुमारे ४४ टक्के जास्त मजकूर मावतो. दुकानात गेल्यावर हे स्वतः करून बघा. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केलिंग बदला, एक मोठी एक्सेल फाईल उघडा आणि किती ओळी वाचता येतात ते मोजा.

याची किंमत मोजावी लागते वजनात. १४ इंची बिझनेस लॅपटॉप साधारण १.२ ते १.५ किलोचे असतात, १६ इंची १.७ ते २ किलोच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतात. पण चार्जर, डबा, पाण्याची बाटली आणि फाईल यांच्या सोबतीला रोज अर्धा किलो जास्त पाठीवर घेऊन बाईक चालवली, की ते किरकोळ राहत नाहीत.

लेनोवो थिंकपॅड ई१४ आणि ई१६, एचपी प्रोबुक ४४० आणि ४६०, डेल प्रो १४ आणि डेल प्रो १६ अशा जोड्या याच हिशोबाने बनतात. (डेलने जानेवारी २०२५ मध्ये लॅटिट्यूड हे जुनं नाव सोडून 'डेल प्रो' आणलं.) अशा जोडीत बहुतेकदा आतलं मशीन जवळपास सारखंच असतं. म्हणजे १६ इंची घेतला म्हणून तो जास्त वेगवान असतोच असं नाही.

आता नगरच्या रस्त्यावर या

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. नगर शहरातून अकोल्याला कामासाठी जायचं तर जाताना शंभराहून जास्त किलोमीटर, येताना तेवढेच. पुण्यात आठवड्यातून दोन दिवस ऑफिस असलेल्यांना सुमारे १२० किलोमीटरची वारी चुकत नाही. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस पुणे-नगर याच मार्गावर धावली आणि १ जून २०२२ ला पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई'सुद्धा याच मार्गावर. या मार्गाची वर्दळ काही आजची नाही! बसच्या सीटवर १६ इंची लॅपटॉप उघडून बघा. पुढची सीट मागे झुकली की स्क्रीन अर्धी मिटवावी लागते. १४ इंचीवर निदान ईमेलला उत्तर तरी देता येतं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: आठवड्यात लॅपटॉप किती तास टेबलावर असतो आणि किती तास पाठीवर, मांडीवर किंवा दुसऱ्याच्या टेबलावर?

काम एकाच जागी असेल, म्हणजे शहरातल्या सीएच्या ऑफिसात दिवसभर टॅली आणि जीएसटीचे रिटर्न, तर १६ इंची सरळ उपयोगी आहे. नंबरांची वेगळी बटणं असली की व्हाउचर भराभर पडतात. मात्र प्रत्येक १६ इंची लॅपटॉपला ती असतातच असं नाही, बघून घ्या. आणि १४ इंची आवडला असेल तर यूएसबीला लावायचा वेगळा नंबरपॅड काही शे रुपयांत मिळतो.

नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतल्या कारखान्यात कॅड ड्रॉइंगचं काम असेल, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागू शकतं. ते तापतं, त्याला हवा आणि जागा लागते. तिथे मोठ्या मशीनला पर्याय कमीच.

राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर असं फिरून शेतकऱ्यांच्या बांधावर किंवा डीलरच्या दुकानात काम असेल, तर १४ इंची घ्या आणि इंचांपेक्षा ब्राइटनेस बघा. ३०० निट्सची स्क्रीन घरात छान दिसते, पण उन्हात फिकी पडते. ४०० किंवा जास्त निट्स आणि न चमकणारी मॅट स्क्रीन बाहेर खूप बरी.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. ऑडिटवाले फिरतात, पण एकदा पोहोचले की दिवसभर क्लायंटच्या टेबलावरच असतात आणि मॉनिटर काही सोबत नेता येत नाही. कारने फिरत असाल तर अशा कामाला १६ इंचीच बरा. डोळ्यांचा त्रास असेल तरीही तोच.

नंतर काय वाढवता येतं?

निवड अडली की हा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. स्क्रीन नंतर वाढवता येते. घरी टेबलावर २४ इंची मॉनिटर लावला की १६ इंचीच्या दुप्पट क्षेत्रफळ मिळतं, आणि तो मॉनिटर पुढच्या लॅपटॉपलाही चालतो. वजन मात्र नंतर कमी करता येत नाही.

आणि रॅम? तिचं उत्तर मॉडेलवर आहे. बऱ्याच पातळ, छोट्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही प्रोसेसरमध्ये तर १६ किंवा ३२ जीबी रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे. ती आयुष्यभर तेवढीच. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या थिंकपॅड टी१४ जेन ५ मध्ये लेनोवोने रॅमचे दोन स्लॉट दिले. म्हणजे छोटा लॅपटॉप म्हटला की रॅम वाढणारच नाही, असंही नाही. मॉडेलच्या माहितीपत्रकात 'सोल्डर्ड' हा शब्द आहे का ते शोधा.

यातून दोन सरळ नियम निघतात. रॅम सोल्डर्ड असेल तर आजच १६ जीबी घ्या, ८ वर समाधान मानू नका. विंडोज ११, क्रोमचे पंधरा टॅब, टॅली आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवले की ८ जीबी दमते. मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस' पीसीसाठीही किमान १६ जीबीचीच अट ठेवली आहे. आणि स्लॉट मोकळा असेल तर आज ८ जीबीवर भागवून भाव उतरल्यावर रॅम वाढवता येईल, फक्त ते वॉरंटीत बसतं का ते आधी विचारा.

म्हणून १४ इंची १६ जीबीसह आणि १६ इंची ८ जीबीसह एकाच किमतीत समोर आले, तर रॅम पक्की सोल्डर्ड असताना मोठी स्क्रीन निवडणं हा बहुतेकांसाठी घाट्याचा सौदा आहे.

बॅटरी, चार्जर आणि सर्व्हिस

मोठा लॅपटॉप म्हणजे मोठी बॅटरी हा समज सोडा. दोन्ही आकारांत अनेकदा तीच बॅटरी येते, आणि मोठी स्क्रीन जास्त वीज खाते. गावाकडे लाईटचा भरवसा नसेल तर माहितीपत्रकातला वॉट-अवर हा आकडा बघा. ४५ आणि ५७ वॉट-अवरमध्ये खूप फरक पडतो.

फोनचा ८० वॉटचा चार्जर लॅपटॉपलाही चालेल, असं अनेकांना वाटतं. पण फोन कंपन्यांचं फास्ट चार्जिंग बहुतेकदा त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं. लॅपटॉपला यूएसबी पॉवर डिलिव्हरी लागते. चार्जरवर 'पीडी' आणि ६५ वॉट असं दोन्ही असेल तर बहुतेक ऑफिसच्या लॅपटॉपना तो पुरतो, आणि फोनही त्यावर चार्ज होतो.

बिझनेस लॅपटॉपला जास्त पैसे मोजायचं मोठं कारण म्हणजे घरपोच सर्व्हिस. पण ती तुमच्या पिनकोडला मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. ४१४००१ ला मिळणारी सेवा तुमच्या तालुक्याच्या गावी त्याच वेगाने मिळेलच असं गृहीत धरू नका.

बजेट कमीच असेल तर?

मग जुन्या बिझनेस लॅपटॉपकडे बघा. कंपन्यांनी वापरून काढलेल्या मशीनमध्ये १४ इंची भरपूर मिळतात. फक्त विंडोज ११ ची अट लक्षात ठेवा: इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. २०१८ चा थिंकपॅड टी४८० या रेषेच्या आत आहे, त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि मागची बॅटरी हाताने काढता येते. त्याच्या आधीचा टी४७० दिसायला जवळपास तसाच, पण रेषेच्या बाहेर. स्वस्त मिळतोय म्हणून तो गळ्यात पडू देऊ नका. घेताना विंडोजचा बॅटरी रिपोर्ट समोर काढायला लावा.

मग काय घ्यायचं?

आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर १४ इंची, १६ जीबी, आणि जमेल तेव्हा घरी मॉनिटर. लॅपटॉप टेबलावरून फारसा हलत नसेल, दिवसभर आकडे भरायचे असतील, किंवा ड्रॉइंगचं काम असेल तर १६ इंची, पण रॅममध्ये तडजोड न करता.

दुकानात जाताना आपली रोजची बॅग सोबत घेऊन जा. दोन्ही लॅपटॉप चार्जरसकट तिच्यात घालून पाठीवर घ्या आणि पाच मिनिटं उभे राहा. मग दोन्हींवर आपली रोजची फाईल उघडून वाचा. पाठ आणि डोळे, दोघांचंही मत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.